ऊन कुठलं, दुखणं कुठलं?

चेन्नईत जुन्या माउंट रोडवर, आयलंड मैदानापाशी, सर टॉमस मन्रो घोड्यावर बसून आहेत. 1818 साली पेशव्यांचं सोलापूर घेणारे आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले तेच हे मन्रो. फ्रान्सिस चँट्री या शिल्पकारानं घडवलेला हा पुतळा शहरात प्रसिद्ध आहे तो एका उणिवेसाठी. घोड्यावर खोगीर नाही आणि रिकीबही नाही. साहेबांचे पाय नुसते लोंबकळताहेत.

समजा, मे महिन्याच्या दुपारी कुणी या पुतळ्यावर थर्मल कॅमेरा रोखला, तर उन्हाकडची बाजू पडद्यावर लालभडक दिसेल आणि सावलीतली निळसर. अननुभवी माणूस लगेच म्हणेल, ‘घोड्याच्या उजव्या पुठ्ठ्याला सूज आहे.’ ब्राँझला सूज येत नाही हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण हसून सोडून देतो. पण खरा घोडा अर्धा तास उन्हात बांधलेला असेल, तर तीच चूक शहाणासुरता माणूसही करतो. घोड्यांची मालिश आणि त्यांची थर्मल तपासणी या दोन्ही विद्या उष्णतेवर चालतात. आणि चेन्नईसारख्या शहरात उष्णता सगळीकडेच असते. तिच्यातली उन्हाची कुठली आणि दुखण्याची कुठली, हे वेगळं काढणं हेच इथलं खरं कसब.

हाताचं वाचन

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो त्याच्यावर वाघाचा डोळा जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो ओरडत नाही. फार तर दाण्याकडे पाठ फिरवतो, तंग आवळताना कान मागे टाकतो, किंवा नेहमीच्या वळणावर यायला कुरकुरतो. पण एक गोष्ट त्याला लपवता येत नाही. जिथे इजा झाली तिथे रक्ताचा ओघ वाढतो आणि तिथली कातडी तापते.

हे तापणं पकडणारं पहिलं उपकरण म्हणजे मोतद्दाराचा तळहात. रेसच्या तबेल्यात त्यालाच सईस म्हणतात. पहाटे दिवे लागले की तो घोड्याच्या पुढच्या पायाशी बसतो. गुडघ्याखाली नळीच्या हाडामागे दोरीसारख्या दोन कंडरा असतात. अंगठा एका बाजूला आणि दोन बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून तो हात सावकाश खाली आणतो. मग दुसऱ्या पायावर तसंच. नंतर पुन्हा पहिल्यावर, या वेळी हाताची पालथी बाजू लावून. एकच पाय तपासून काही कळत नाही. डावा कसा आहे हे उजव्यामुळे कळतं. कुठे किंचित ऊब, किंचित फुगवटा जाणवला, किंवा बोट दाबताच घोड्यानं पाय उचलला, तर त्या दिवशीची दौड रद्द.

इतकी काळजी त्या दोन दोऱ्यांचीच का, याला कारण आहे. घोड्याच्या पायात गुडघ्याच्या खाली स्नायू जवळपास नसतातच. तिथे फक्त हाड, कंडरा, बंध आणि कातडी. चौखूर धावताना कंडरा रबरासारखी ताणते आणि आखडते, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन तिच्यातच अडकते. धावत्या घोड्यांवर केलेल्या मोजणीत कंडरेच्या गाभ्याचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढलेलं आढळलं आहे. घोड्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश. म्हणजे दौडीत त्याच्या पायातली ही दोरी अक्षरशः शिजण्याच्या बेतात असते.

पाय बघून झाले की खरारा. दातेरी खराऱ्यानं धूळ आणि सुटे केस काढायचे, ब्रश फिरवायचा, आणि मग नुसत्या हातांनी मालिश. आपल्याकडच्या घोडदळात आणि रेसच्या तबेल्यांत मालिश हा रोजच्या कामाचा भाग आहे, पाहुण्यासाठी केलेली चैन नव्हे. सईस शरीराचा भार तळहातावर आणि कोपराखालच्या हातावर टाकून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत जातो. कातडीला चकाकी येते ती या दाबानं, पण त्याहून मोठा फायदा वेगळा. रोज एकाच घोड्याच्या अंगावरून हात फिरवणाऱ्याला त्या अंगाचा नकाशा पाठ होतो. काल नसलेली गाठ त्याला आज लगेच सापडते.

चेन्नईपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आत असलेल्या तंजावरात या नकाशाचा जुना दाखला आहे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती, आणि सरफोजीराजे दुसरे यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सरस्वती महाल ग्रंथालयानं 1952 साली नकुलाच्या नावावरचं ‘अश्वशास्त्रम्’ छापून काढलं. पांडवांतल्या नकुलाला आपल्या परंपरेनं घोड्यांचा वैद्य मानलेलं आहे. अशा ग्रंथांत घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांना आणि रंगांना मोठं स्थान. घोडा घेताना देवमण हा भोवरा बघायचा, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी शुभ मानायचा, ही मराठी मुलखातली चाल त्याच धाटणीची. पण घोडा विकत घेताना भोवरे बघणारा माणूसही घरी आणल्यावर त्याच्या पायावरून हातच फिरवायचा. भोवरा भविष्य सांगत असेल, आजचं दुखणं मात्र हातालाच कळायचं.

मालिश नेमकं काय करते

धावण्यासाठी पैदास केलेल्या थरोब्रेड घोड्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग स्नायूंचा असतो. शिवाय त्याला गळ्याजवळचं हाड, म्हणजे हसळी, नसते. पुढचे दोन पाय धडाला हाडाच्या सांध्यानं जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीनं बांधलेले असतात. उभ्या घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर येतं, आणि धडाचा तो भार ही झोळी दिवसभर पेलते. त्यावर खोगीर आणि स्वार. म्हणून मालिश करणारा जास्त वेळ घालवतो तो मान, खांदा, खोगिराखालची पाठ आणि पुठ्ठा इथे.

खेळाडूंच्या मालिशचं आधुनिक तंत्र घोड्यांकडे आणण्याचं श्रेय साधारणपणे अमेरिकेच्या जॅक मीघर यांना दिलं जातं. माणसांवर काम करता करता 1970च्या दशकात ते अमेरिकेच्या घोडेस्वारी संघाच्या घोड्यांवर काम करू लागले. त्यांची पद्धत तीन क्रियांवर उभी आहे. दुखऱ्या बिंदूवर थेट दाब द्यायचा, तंतूंना आडवं घासायचं, आणि मुठीनं किंवा तळव्यानं स्नायू लयीत दाबून सोडायचा. आपल्या सईसाला ही तिन्ही कामं नव्यानं शिकवावी लागत नाहीत, फक्त त्यांना नावं द्यावी लागतात.

घोड्याला बरं वाटतंय हे कसं ओळखायचं? तो मान खाली सोडतो. खालचा ओठ लोंबतो, डोळे अर्धवट मिटतात. मग ओठ चाटणं, रिकामंच चघळणं आणि शेवटी एक लांबलचक जांभई. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर खाजवलं तर हे लवकर घडतं, कारण घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर केलेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जागी हातानं तसं खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाले. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसं झालं नाही.

मालिशनं पाठीचे स्नायू दाबाला कमी हुळहुळतात, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. पण हे अभ्यास थोड्या घोड्यांवरचे आहेत, आणि मालिशच्या नावानं सांगितलं जातं ते सगळं खरं नसतं. ‘मालिशनं लॅक्टिक आम्ल निघून जातं’ हा त्यातला सर्वांत टिकाऊ समज. दौडीनंतर रक्तात साठलेलं लॅक्टेट घोडा चालता राहिला तर तासाभरात आपलं आपण उतरतं. त्यासाठी कुणी हात लावावा लागत नाही. घोडा का अडला या लहानपणच्या कोड्याचं उत्तर आजही तेच आहे: न फिरवल्यामुळे. तेवीस तास तबेल्यात उभ्या ठेवलेल्या घोड्याचं आखडलेपण मालिशनं झाकता येतं, घालवता येत नाही.

आणि काही वेळा हात मागेच घ्यायला हवा. अंगात ताप असेल, जखम ताजी असेल, कातडीला बुरशी असेल, तर मालिश नको. घोडा कामानंतर अचानक आखडला, पुठ्ठे दगडासारखे घट्ट झाले, घाम सुटला आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरत आहेत असं समजायचं. अशा वेळी चोळणं आणि चालवणं दोन्ही घातक. तेव्हा एकच काम: पशुवैद्याला फोन.

कॅमेऱ्याचं वाचन

विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं 1800 साली सूर्यप्रकाशाचा पट्टा लोलकातून पाडून त्यातल्या रंगांचं तापमान मोजलं. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेला तापमापक सर्वांत जास्त चढला. हाच अवरक्त प्रकाश. प्रत्येक ऊबदार वस्तू तो सोडत असते, आणि जितकी गरम तितका अधिक. थर्मल कॅमेरा हा प्रकाश टिपतो. त्याच्या आत अतिसूक्ष्म तापमापकांची जाळी असते. 320 गुणिले 240 च्या साध्या जाळीतही 76,800 ठिकाणांचं तापमान एका क्षणात मोजलं जातं. अनुभवी तळव्याला ढोबळमानानं दोन अंशांचा फरक कळतो, कॅमेऱ्याला अंशाच्या विसाव्या भागाचाही. घोड्यांसाठी त्याचा वापर 1960च्या दशकापासून सुरू आहे. कंडरेतला बिघाड हाताला लागण्याआधी काही दिवस, कधी दोन आठवडे, कॅमेऱ्यात दिसल्याच्या नोंदी आहेत.

मात्र पडद्यावरच्या रंगांबद्दल सावध राहायला हवं. लाल, पिवळा, निळा हे रंग कॅमेऱ्यानं बघितलेले नसतात, यंत्रानं भरलेले असतात. तापमानाचा पट्टा अरुंद केला तर निरोगी घोडाही होळीसारखा पेटलेला दाखवता येतो. म्हणून जाणकार रंग बघत नाही, आकडे बघतो, आणि तेही जोडीनं. डाव्या पायाच्या एका जागेचं तापमान आणि उजव्या पायाच्या नेमक्या त्याच जागेचं. दोहोंत एक अंश किंवा जास्त फरक असेल, तर तिथे शंकेला जागा आहे. गार डागही दुर्लक्षायचा नसतो. जुन्या इजेनं रक्तपुरवठा कमी झाला असेल किंवा घोडा तो भाग वापरतच नसेल, तर तो शेजारच्या भागापेक्षा थंड दिसतो.

कॅमेऱ्याचा सर्वांत समजण्यासारखा उपयोग खोगिरासाठी. घोड्यावर थोडा वेळ स्वारी करायची, खोगीर उतरवायचं आणि लगेच पाठीचा, तसाच खोगिराच्या आतल्या बाजूचा फोटो घ्यायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखे उबदार पट्टे उमटले तर उत्तम. एका बाजूला गरम ठिपका असेल, तर तिथे खोगीर टोचतंय किंवा स्वार एकाच कुशीवर बसतोय. आपण निरुपयोगी गर्दीला खोगीरभरती म्हणतो, पण खोगिरात खरोखरची भरती असते, आणि ती गोळा झाली की तिचा जाच घोड्याच्या पाठीला होतो. पडद्यावर ही खोगीरभरती शब्दशः दिसते.

जगात या कॅमेऱ्याचा उपयोग फसवणूक पकडायलाही होतो. उडी मारताना घोड्यानं पाय जास्त उंच उचलावेत म्हणून काही जण त्याच्या पायांना आग करणारी द्रव्यं चोळतात. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ, म्हणजे एफईआय, स्पर्धेच्या वेळी पायांच्या अशा अतिसंवेदनशीलतेच्या तपासणीत थर्मल कॅमेरा वापरतो.

चेन्नईचं ऊन

परदेशी पुस्तकांत थर्मल तपासणीची अट असते: बंद, वारा नसलेली खोली आणि वीस-पंचवीस अंश तापमान. चेन्नईच्या उन्हाळ्यात अशी हवा वातानुकूलित दालनातच मिळते, आणि घोडा काही तिथे नेता येत नाही. मे महिन्यात, तमिळ लोक ज्याला अग्नी नक्षत्रम म्हणतात त्या दिवसांत, पारा चाळिशीला टेकतो. समुद्राची दमट हवा वर.

अडचण कॅमेऱ्याची नाही, घोड्याच्या शरीराची आहे. बाहेर तापलं की शरीर उष्णता टाकण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतं. सगळं अंगच तापलं की दुखऱ्या जागेची ऊब त्यात विरून जाते. वर घाम आला की ओला भाग गार दिसतो आणि नकाशा आणखी बिघडतो. उन्हात उभा केलेला पंचकल्याणी घोडा तर मोठाच फसवा. त्याच्या गडद अंगावरचे केस तापतात, पांढरे पाय तितके तापत नाहीत, आणि पडद्यावर चारी पाय आजारी वाटतात. शुभलक्षण यंत्राच्या दृष्टीनं अवलक्षण ठरतं!

म्हणून इथे तपासणीची वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची. घोडा रात्रभर छपराखाली उभा असावा. अंग कोरडं, चिखल झाडलेला, कुठलाही लेप किंवा तेल नको. पायाला पट्टी असेल तर ती आधीच सोडून ठेवायची, कारण पट्टीखालचा पाय तापलेला असतो. पंखा बंद. आणि एक नियम असा की तो मोडला तर बाकी सगळं वाया: आधी फोटो, मग मालिश. चोळलेली कातडी तापते. मालिश करून फोटो काढला तर सईसाचे हातच पडद्यावर उमटतील. चेन्नईची एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या बाजूची आहे. थंड देशातल्या घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात दाट लोकर असते, ती उष्णता झाकते. इथल्या घोड्याचे केस बारा महिने आखूड, म्हणून कातडी चांगली वाचता येते.

दमट उन्हाचा दुसरा प्रश्न जिवावरचा आहे. घोड्याचे स्नायू काम करतात तेव्हा ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला घोड्याला तासाला दहा ते पंधरा लिटर घाम येऊ शकतो. त्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं; त्यानं घाम केसांवर पसरतो आणि फेस येतो. पण हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो. शिवाय काही घोड्यांचा घामच अशा हवेत बंद पडतो. थंड देशांतून उष्ण वसाहतींत आणलेल्या घोड्यांत हा आजार आधी लक्षात आला, आणि इंग्रज त्याला ‘ड्राय कोट’ म्हणत. कोरड्या अंगानं धापा टाकणारा घोडा दिसला की त्यांना धडकी भरायची.

2021 च्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिक झालं, तेव्हा उष्म्याचीच भीती होती. तिथे घोड्यांवर नजर ठेवायला थर्मल कॅमेरे वापरले गेले, आणि दौडीनंतर गार पाण्याचा मारा, सावली, पंखे अशी व्यवस्था केली गेली. त्याच स्पर्धेत बंगळूरचा फौआद मिर्झा आपल्या घोड्यासह भारतासाठी उतरला होता. गरम घोड्यावर गार पाणी टाकू नये हा जुना समज 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी झालेल्या संशोधनानं मोडून काढला. गार पाणी सतत ओतत राहिलं तर घोडा लवकर निवतो, आणि त्यानं स्नायू आखडत नाहीत.

हात, यंत्र आणि वैद्य

चेन्नईत घोडे अजून आहेत. मरीना बीचवर अश्वारूढ पोलीस फिरतात. वेपेरीत 1903 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. गिंडीच्या रेसकोर्सवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून घोडे धावले. याच मैदानाच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. सप्टेंबर 2024 मध्ये तमिळनाडू सरकारनं भाडेपट्टा रद्द करून तिथली सुमारे 160 एकर जागा ताब्यात घेतली, आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. मैदानाचं काय व्हायचं ते होईल, पण घोड्याच्या पायावरून हात फिरवण्याचं ज्ञान कुठल्याही भाडेपट्ट्यात नसतं. ते सईसांच्या बोटांत असतं, आणि तबेले विखुरले की तेही विखुरतं. मालिश शिकवायला पुस्तकं निघाली, तरी अमुक घोड्याच्या डाव्या पायाला पावसाळ्यात थोडी ऊब असतेच, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

थर्मल कॅमेऱ्याचं मोल इथेच आहे. हाताला कळलेलं तो नोंदवून ठेवतो, पुढच्या महिन्याशी ताडून बघू देतो, आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दाखवू देतो. पण तो ‘इथे’ एवढंच सांगतो. ‘काय’ ते सांगत नाही. गरम ठिपक्याखाली कंडरा फाटली आहे, खुरात गळू झालं आहे, की माशी चावली आहे, हे कळायला पशुवैद्याचा हात, सोनोग्राफी, एक्स-रे लागतात. आणि उपचार ठरवण्याचा अधिकार कायद्यानंही नोंदणीकृत पशुवैद्याचाच.

म्हणून अशी तपासणी करणाऱ्या चांगल्या माणसाचा पहिला प्रश्न घोड्याच्या दुखण्याबद्दल नसतो. तो सईसाला विचारतो, ‘घोडा रात्री कुठे बांधला होता? पट्टी कधी सोडली? सकाळपासून कुणी हात लावलाय का?’ ही उत्तरं पडद्यावर कुठेच उमटत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय पडद्यावरचं लाल म्हणजे मन्रोसाहेबांच्या घोड्याला आलेली सूज.